खोक्यावरचा नंबर

माझे पती मंगळवारी सकाळी दवाखान्यात वारले. बुधवारी दुपारी त्यांनी मागवलेला प्रोसेसर कुरिअरने महाडला घरी आला.

दारात चपला होत्या. कुरिअरवाल्याने त्या बघितल्या आणि आवाज खाली आणून त्यांचे नाव विचारले. मुलीने सही केली. पुडके तळहाताएवढे होते. तिने ते माझ्या हातात देत विचारले, "काय आहे गं, आई?" मी "बाबांचं आहे" म्हणाले आणि ते कपाटात, त्यांच्या शर्टांच्या कप्प्यात ठेवले. त्यात काय आहे हे घरात फक्त मला माहीत होते. तेरावे होईपर्यंत मी तो कप्पा उघडला नाही.

ते भूमापन खात्यात होते. लोक त्यांना मोजणीवाले म्हणत. मी शाळेत मराठी शिकवले. दोघेही निवृत्त झाल्यावर मी वाचत बसे आणि ते संगणकावर नकाशा काढत. पोलादपूर तालुक्यात उमरठच्या बाजूला त्यांचे गाव आहे. त्या गावाचा आणि वरच्या वाड्यांचा हा नकाशा. ते म्हणत, सरकारी नकाशात जमिनीचे तुकडे सगळे सापडतात, पाणी सापडत नाही. म्हणून ते झरे आणि पाणवठे दाखवत होते, आणि वाड्यांवरची गुरे ज्या वाटांनी पाण्यावर उतरतात त्या वाटा. प्रत्येक जागेचा फोटो, उंची, मे महिन्यात पाणी असते की नसते. चार वर्षांत तो नकाशा इतका मोठा झाला की संगणकाला तो उघडायला पाच मिनिटे लागू लागली. ते बटण दाबून स्वयंपाकघरात येत आणि चहा टाकत. चहा घेऊन परत जात तेव्हा पडद्यावर अर्धा डोंगर आलेला असे.

मुलगी म्हणाली, बाबा, नवीन घेऊन टाका. ते म्हणाले, "चालतंय ते टाकायचं कशाला? प्रोसेसर तेवढा बदलला तर चालेल." मग ते त्याबद्दल वाचू लागले. काहीही करायचे तर त्याआधी त्याबद्दल वाचायचे, ही आम्हा दोघांची सवय. त्यांच्याकडून ऐकून ऐकून मलाही काही समजले होते. प्रोसेसर म्हणजे एक चौकोनी चकती. ती संगणकाच्या आतल्या मोठ्या पाटीवर, म्हणजे बोर्डावर, एका खाचेत बसते, तिला सॉकेट म्हणतात. नवी चकती त्याच सॉकेटची हवी. पण तेवढ्याने भागत नाही. बोर्डाला ती ओळखता आली पाहिजे, आणि कुठला बोर्ड कुठला प्रोसेसर ओळखतो ह्याची यादी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडे असते. म्हणून बोर्डाचा नेमका नंबर लागतो. एका अक्षराचा फरकही चालत नाही.

हे सगळे अर्धवट राहिले असताना त्यांची धाप वाढली. मुंबईच्या दवाखान्यात ठेवले. फुफ्फुसात पाणी होते. डॉक्टर म्हणाले, आठवड्याभरात सोडू. आठ दिवसांनी मुलगी त्यांच्याजवळ थांबली आणि मी कपडे आणि विम्याचे कागद न्यायला दोन दिवस घरी आले. पहाटेच्या गाडीने वीर स्टेशनला उतरले, रिक्षाने घरी आले, आंघोळ केली आणि जरा आडवी होणार तोच त्यांचा फोन आला.

"अगं, एक काम करशील?"

"सांगा."

"संगणकाच्या बाजूची पत्र्याची झडप काढ. मागे दोन स्क्रू आहेत. आत मेमरीच्या पट्ट्या दिसतील, त्यांच्या जवळ बोर्डावर नंबर छापलेला असतो. तो मला वाचून दाखव. बाकीचं सगळं माझ्या वहीत आहे, तेवढा नंबर नाही."

"आत्ता?"

"आत्ता म्हणजे, तुझं होईल तेव्हा. कागदावर जाऊ नकोस हं. उघडून बघ."

कागदावर जाऊ नकोस हे ते आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले होते. मला वाटले, ती त्यांची सवय आहे. मी पेचकस घेऊन टेबलाशी गेले. एक स्क्रू निघाला. दुसरा गंजलेला होता, फिरेना. पेचकस दोनदा निसटला. मी उभी राहिले. मग मला माळ्यावरच्या खोक्याची आठवण झाली.

इथे महाडबद्दल थोडे सांगायला हवे. आमच्या गावात वस्तूंची खोकी कुणी टाकत नाही. पावसाळ्यात नदीचे पाणी गावात येण्याची चिन्हे दिसली की त्याच खोक्यांत वस्तू भरून माळ्यावर चढवतात. टीव्हीचे खोके, मिक्सरचे खोके, सगळे थर्मोकोलसकट जपलेले असते. बिले आणि माहितीपुस्तिका तर बारा महिने माळ्यावरच असतात. संगणक जोडून घेतला तेव्हा दुकानदाराने बोर्डाचे रिकामे खोके दिले होते. तेही तिथेच होते. मी स्टूल घेतले, चढले, खोके काढले. त्यावर मोठ्या अक्षरात नंबर होता. मी फोन लावला आणि वाचून दाखवला. त्यांनी एकेक अक्षर परत उच्चारून लिहून घेतले.

"उघडून बघितलंस ना?"

"हो."

"स्क्रू घट्ट असेल, मला वाटलं होतं."

"निघाला," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि मी झोपले. दुपारी तीनपर्यंत झोपले.

परत दवाखान्यात गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. प्रोसेसर मागवून झाला होता. त्यांनी मोबाइलवर मला त्याचा फोटो दाखवला. "चौकोन तोच, खाचा त्याच. आता आहे त्याच्या पुढच्या पिढीचा. तुझ्या नंबरच्या बोर्डाला चालतो, मी यादीत बघितलं." त्या दिवशी ते नीट जेवले. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना त्यांनी सॉकेट म्हणजे काय ते सांगितले. त्या गृहस्थांना त्यात काही गोडी नव्हती, पण त्यांनी ऐकून घेतले. त्यानंतर पाच दिवसांनी तो मंगळवार आला.

तेराव्यानंतर मुलगी पुण्याला गेली. जाताना तिने फ्रिजमध्ये चार दिवसांचे वरण, भाजी असे डबे करून ठेवले. मी ते क्रमाने संपवले. कोणती भाजी खाल्ली ते आठवत नाही. सकाळी उठत होते, केर काढत होते, पेपर वाचत होते. पेपरात काय होते ते दुपारी सांगता आले नसते. लोक म्हणत, रडून घ्या. मला रडू येत नव्हते. आत काही तुंबले आहे असेही वाटत नव्हते. मी फक्त एकामागून एक कामे करत होते.

त्यातलेच एक काम म्हणून मी दवाखान्यातून आणलेली त्यांची पिशवी उघडली. चष्मा, कंगवा, टॉवेल, औषधांच्या अर्ध्या पट्ट्या आणि वही. वही मोजणीची, लांबोडकी, कडक पुठ्ठ्याची. शेवटच्या लिहिलेल्या पानावर वर लिहिले होते, ‘प्रोसेसर बदलण्यापूर्वी’. खाली एकाखाली एक गोष्टी. सॉकेट. वीजपुरवठ्याचे वॅट. मेमरीचा प्रकार. पंखा. बायॉसची आवृत्ती, तिच्यापुढे ‘घरी गेल्यावर’. बायॉस म्हणजे बोर्डात भरलेली सुरुवातीची आज्ञावली, एवढे मला त्यांनी सांगितले होते. आणि बोर्डाचा नंबर. मी वाचलेला नंबर त्यांच्या वळणदार अक्षरात होता आणि त्यापुढे लिहिले होते, ‘सां.’

मोजणीच्या वहीत त्यांची एक रीत होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठांनी लावलेली. स्वतः टेप धरून घेतलेल्या मापापुढे काही लिहायचे नाही. दुसऱ्या कुणी तोंडी सांगितलेल्या मापापुढे ‘सां.’ लिहायचे. सां. म्हणजे सांगीव. शेतकरी म्हणाला, बांध इथून चाळीस पावलांवर आहे, तर चाळीस पावले, सां. मग तिथे जाऊन मोजायचे आणि ते अक्षर खोडायचे. ते खोडल्याशिवाय त्या मापावरून पुढची रेघ मारायची नाही. दोन भावांच्या हद्दीच्या भांडणात खात्यातल्या वरच्या साहेबांनी सांगितलेले मापसुद्धा त्यांनी सां. लिहून बाजूला ठेवले होते, आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती.

मी ते पान बराच वेळ बघितले असेल. मग पेचकस घेतला. गंजलेल्या स्क्रूवर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले, भाजी निवडली, परत आले. स्क्रू निघाला. झडप काढून आत टॉर्च मारला. मेमरीच्या पट्ट्यांजवळ पांढऱ्या अक्षरात नंबर छापलेला होता. तो खोक्यावरचा नंबर नव्हता. कंपनीसुद्धा ती नव्हती.

मला आठवले. म्हणजे मी विसरले नव्हतेच. मोठा पूर आला त्या वर्षी आमच्या गल्लीत छातीएवढे पाणी होते. आम्ही संगणकाचा पडदा माळ्यावर चढवला, पण खालच्या पत्र्याच्या पेटीच्या वायरी सोडवेपर्यंत पाणी उंबऱ्यावरून आत आले. संगणक दोन दिवस चिखलात होता. नंतर त्यांनी तो दुकानात नेऊन दुरुस्त करून आणला. मी तेव्हा खराट्याने भिंतींवरचा गाळ काढत होते. त्यांनी मला काय बदलले ते सांगितलेही असेल.

त्या पुरानंतर गावात सगळ्यांचे असेच झाले आहे. खालच्या वस्तू गेल्या, माळ्यावरचे कागद कोरडे राहिले. आमच्याकडे फ्रिज दुसरा आहे आणि पुस्तिका पहिल्या फ्रिजची आहे. शेजारी शिवणयंत्राचे हमीपत्र आहे, यंत्र नाही. महाडात कुणाच्याही घरातला कागद काढा, तो समोरच्या वस्तूचा असेलच असे नाही. हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मलाही होते.

दुसऱ्या दिवशी मी प्रोसेसरचे पुडके पर्समध्ये टाकले, संगणक रिक्षात ठेवला आणि चवदार तळ्यामागच्या गल्लीत दुकानात गेले. दुकानदार माझा विद्यार्थी. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस आहेत. तो धावत पायरी उतरला.

"बाई, तुम्ही कशाला आणलंत? फोन मारायचा, मी आलो असतो घरी."

"रिक्षावाल्याने उचलला."

"बसा. चहा?"

"नको."

"घ्या हो. निबंधाला तुम्ही मला कधी सहाच्या वर मार्क दिले नाहीत, तरी मी चहा देतो."

"लिहीत नव्हतास तू."

"आता तरी कुठं लिहितो? बिलसुद्धा छापून देतो."

मी पुडके त्याच्यापुढे ठेवले आणि काय करायचे ते सांगितले. त्याने ते कात्रीने कापले, चकती कडेने उचलून उजेडात धरली. मग संगणक उघडून आत बघितले.

"सॉकेट सेम आहे. अकराशे पंचावन्न. बसणार शंभर टक्के."

"बसला की चालेल?"

"ते मशीन सांगेल."

त्याने पंखा काढला, जुन्या प्रोसेसरवरचा वाळलेला लेप कापसाने पुसला, तरफ उचलली आणि जुना काढून नवा ठेवला. तो काही जोर न लावता बसला. दोन्ही खाचा बरोबर जुळल्या. त्याने ताजा लेप लावला, पंखा चढवला, पडदा जोडला आणि बटण दाबले. पंखा फिरू लागला. पडदा काळाच राहिला. त्याने मेमरीची एक पट्टी काढून बघितले. दुसरी काढून बघितले. बोर्डावरची गोल बॅटरी काढून, थांबून, परत लावली. पंखा फिरत होता. चहा आला. मी तो प्यायले.

अर्ध्या तासाने त्याने जुना प्रोसेसर परत बसवला. बारीकशी शिटी वाजून पडद्यावर अक्षरे आली. त्याने बायॉसची आवृत्ती कागदावर उतरवून घेतली आणि स्वतःच्या संगणकावर त्या बोर्डाची यादी काढली. बोट लावून खाली खाली गेला. परत वर आला.

"नाही बाई. हा बोर्ड दुसऱ्या पिढीपर्यंतच घेतो. तुमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. ऑफिसच्या मशीनमधला बोर्ड आहे हा, पुराच्या वर्षी मी मुंबईहून असे सतरा आणले होते. पुढच्या पिढीचं अपडेट कंपनीनं ह्याला दिलेलंच नाही. खाचेत बसतो, पण बोर्ड ओळखत नाही त्याला."

"ह्याच्या आधीचा बोर्ड असता तर?"

"कुठला, जो पुरात गेला?" त्याने विचारले. मी खोक्यावरचा नंबर सांगितला. तो मला पाठ झाला होता. त्याने तीही यादी काढली. "ह्याला चालला असता. आधी जुन्या प्रोसेसरवर एक अपडेट मारायचं, मग नवा बसवायचा. मस्त चालला असता."

"बोर्ड बदललेला ह्यांना माहीत होता?"

"साहेबांना? बाई, ते तिथं स्टुलावर बसलेले. गमबूट घालून. त्यांच्यासमोर बसवला मी. नट एक ढिला आहे म्हणाले. खरंच ढिला होता. पण मग साहेबांनी हा कसा मागवला? ते असं चुकणारे नव्हते. नंबर कुणी दिला त्यांना?"

"मी."

त्याने काउंटर पुसायला घेतला. स्वच्छच होता.

"सोडा हो बाई. दोन आकडे इकडचे तिकडे होतात माणसाकडून."

"आकडे इकडचे तिकडे झाले नाहीत. मी खोक्यावरचा वाचला."

फडके ठेवून तो म्हणाला, "एक काम करू. ह्या प्रोसेसरला चालेल असा बोर्ड आठवड्यात येईल माझ्याकडे. मी बदलून देतो. साहेबांचं मशीन पळेल बघा."

मी "बघते" म्हणाले आणि दोन्ही घेऊन घरी आले.

आठवडाभर मी त्या बोर्डाचा विचार केला. बोर्ड बदलला असता तर प्रोसेसर चालला असता, नकाशा लवकर उघडला असता. मग कुठे काही चुकले होते हे कुणाला दिसले नसते. मलाही काही दिवसांनी दिसले नसते. मी त्याला फोन करून नको म्हणून सांगितले.

पण मनात वेगळेच एक होते, आणि ते तपासायला काही यादी नव्हती. बोर्ड बदललेला त्यांना माहीत होता. म्हणूनच त्यांनी कागदावर जाऊ नकोस असे सांगितले. जुन्या बोर्डाचा नंबर त्यांच्या लक्षात होता की नव्हता, हे मला कळायला मार्ग नाही. लक्षात असेल, तर मी नंबर वाचला त्याच क्षणी त्यांना कळले असेल की मी उघडले नाही, आणि तरी त्यांनी ‘उघडून बघितलंस ना’ एवढेच विचारले. लक्षात नसेल, तर त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. सां. लिहिलेल्या मापावरून त्यांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत पुढची रेघ मारली नव्हती. ही एकदा मारली. घरी येऊन मोजायचे आणि मग मागवायचे, असे त्यांनी केले नाही.

महिना झाल्यावर मी गावी गेले. नणंद तिथे असतात, ह्यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या. गुडघ्यांमुळे त्या तेराव्याला येऊ शकल्या नव्हत्या. पोलादपूरला एसटी बदलली आणि पुढे चढाचा अर्धा तास चालत गेले. त्या पडवीत वालाच्या सुक्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मीही बसले आणि सोलू लागले. सुपात दाणे पडत होते.

"त्याचं ते यंत्र चालू झालं का गो?" त्यांनी विचारले. "नवं काय ते आननार व्हता. मला बोललेला फोनवर."

"चालतंय, वन्सं. जुन्यावरच चालतंय."

"आनि नवा?"

"तो बसतो, पण चालत नाही."

"म्हंजे आमच्या जावयासारका."

मी हसले नाही. त्याही हसल्या नाहीत, पुढची शेंग घेतली.

मग मी त्यांना सांगितले. फोन, स्क्रू, माळा, खोके. उघडून बघितलंस ना, असे ह्यांनी विचारले होते आणि मी हो म्हणाले होते, तेही सांगितले. सलग सांगितले, वर्गात धडा सांगावा तसे. त्यांना बोर्ड म्हणजे काय ते कळले नसेल, पण बाकीचे कळले.

"लबाड बोललीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"आजारी मानसासंगं."

"हो, वन्सं."

"मग मला कशाला सांगतेस गो? त्याला सांगायचं व्हतंस. पाच दिस व्हतीस ना त्याच्यापाशी?"

मी होते. पाच दिवस मी खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर होते. ते प्रोसेसरबद्दल बोलत होते आणि मी मान हलवत होते. सांगायचे माझ्या डोक्यातही आले नव्हते. मला ते इतके छोटे वाटत होते. हे मी त्यांना सांगितले नाही.

त्यांनी सूप हलवून फोलपटे पुढे आणली आणि फुंकर मारली.

"माझ्याफुडं पन लिवलान व्हतं त्यानं," त्या म्हणाल्या. "सांगीव म्हनून. वरच्या वाडीखाली करवंदीत झरा हाय, तो मी दाखवला त्याला. पायरीवर बसून सांगितला, असा जा, तसा जा. तर वहीत सांगीव. मी भांडले. म्हटलं, अरे माज्या लग्नाआदीपासनं पानी पितेय मी तिथलं, आनि सांगीव काय? तर बोलतो, आक्का, तू प्यायलीस. मी नाय प्यायलो."

"मग?"

"मग काय. गेला दुसऱ्या दिशी उन्हाचा चढून. धाप लागलेली तवाबी. आला नि खोडलान." त्यांनी माझ्याकडे बघितले नाही. "तुजं खोडायला आला नाय. एवडंच."

संध्याकाळच्या गाडीने परत जायचे होते. निघताना त्यांनी वाल पिशवीत बांधून दिले आणि म्हणाल्या, "भिजत घाल आजच. नाय तर तशेच ठेवशील." घरी आल्यावर मी ते भिजत घातले. तिसऱ्या दिवशी मोड आले, त्याची उसळ केली, खाल्ली.

त्या आठवड्यात मी ह्यांची वही परत काढली. मी वाचलेल्या नंबरवर एक आडवी रेघ मारली आणि खाली बोर्डावरचा नंबर लिहिला, झडप काढून, टॉर्च धरून, एकेक अक्षर बघून. त्यापुढे काही लिहिले नाही. माझे अक्षर त्या वहीत वेगळे दिसते. प्रोसेसर मी दुकानात नेऊन दिला. "ज्याच्या बोर्डाला चालेल त्याला बसव," मी म्हणाले, "पण आधी उघडून बघ." तो म्हणाला, "बाई, मी रोज तेच करतो." मागच्या महिन्यात त्याने तो पोलादपूरच्या एका छपाईवाल्याच्या मशीनला बसवला. चालतो म्हणाला. मी बरे म्हणाले.

आता मुलगी रविवारी फोन करते. मी रोज एकदा नकाशा उघडून बंद करते, संगणक बिघडू नये म्हणून. नकाशाच्या दोन प्रती पेनड्राइव्हवर आहेत, त्यातली एक मुलीकडे. त्यात भर घालायला मला येत नाही. त्या दिवशी फोनवर मी ह्यांना हो म्हणाले होते. ते खरे नव्हते, आणि हे त्यांना सांगायचे राहिले आहे.